भाईरच्या अंगानं

राजारामपुरीत खोली शोधत मी आठ दिवस फिरत होतो. गारगोटीजवळच्या खेड्यातून नुकताच कोल्हापुरात आलो होतो, एका ज्युनिअर कॉलेजात तासांवर फिजिक्स शिकवायला. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. खोल्या रिकाम्या असायच्या, बाहेर तशी पाटीही असायची. पण गाव, नोकरी विचारून झालं की घरमालक आडनाव विचारायचे, आणि मग त्यांना एकदम आठवायचं की पुढच्या महिन्यात पुतण्या राहायला येणार आहे. नवव्या दिवशी ज्यांच्याकडे गेलो, त्यांनी मला दारातच थांबवलं आणि विचारलं, "कान कसं हायत?"

"चांगले आहेत," मी म्हटलं.

"ते बघूया की."

त्यांनी मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि स्वतः आतल्या खोलीत गेले. फरशीवर काहीतरी पडलं. काय पडलं, असं त्यांनी आतून ओरडून विचारलं. चमचा, मी म्हणालो. कशाचा? मी जरा विचार केला. आवाज थोडा रेंगाळला होता. पितळेचा, असं मी भिंतीला सांगितलं. माझं प्रत्येक उत्तर आतून एक बाईमाणूस मोठ्यानं पुन्हा म्हणत होतं, ते मला विचित्र वाटलं. मग एक नट पडला, मग वॉशर. नट मी ओळखला, वॉशरला नाणं म्हणालो. ते बाहेर आले तेव्हा मागे त्यांच्या पत्नी पितळी चमचा हातात घेऊन हसत उभ्या होत्या.

"ह्याला खोली दिली," ते म्हणाले.

"अवो, नाव तरी इचारा त्याचं."

"ते तू इचार. मला कानाशी काम हाय."

त्या घरात मी सहा वर्षं राहिलो.

गल्लीत त्यांना सगळे फोरमन म्हणायचे. मी काका म्हणायचो. सत्तरी ओलांडलेली होती. उद्यमनगरातल्या एका कारखान्यात त्यांनी उभा जन्म काढला होता, आणि तिथल्या लोखंड ठोकण्याच्या आवाजानं त्यांचे कान जवळजवळ नेले होते. हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. फक्त काकांनी ते कधी म्हटलं नव्हतं. टीव्हीचा आवाज शेजारच्या घरात जाईपर्यंत मोठा केला तरी त्यांचं म्हणणं, हल्ली बातम्या सांगणारी पोरं तोंडातल्या तोंडात बोलतात. दारावरची बेल काढून तिथे त्यांनी लाल बल्ब जोडला होता. बटण दाबलं की स्वयंपाकघरात आणि पुढच्या खोलीत लाल उजेड पडायचा. बेलच्या आवाजानं चिमण्या बिचकतात, हे कारण. चिमण्या आमच्या गल्लीत मी कधी पाहिल्या नाहीत. फोन वाजला की ते तो काकूंकडे सरकवायचे आणि म्हणायचे, "तू बोल. मला फोनचा कटाळा येतो." मुलगी पुण्यात होती, बँकेत मोठ्या हुद्द्यावर. तिचं आणि त्यांचं बोलणं सगळं काकूंच्या तोंडून व्हायचं. त्यात दोन्हीकडची निम्मी वाक्यं काकू स्वतःच्या मनानं गोड करून घालायच्या.

मी नेटच्या परीक्षेला बसलो तेव्हा दोन महिने त्यांनी टीव्ही आवाज पूर्ण बंद करून पाहिला. काकू म्हणाल्या, त्यांना तसाही काय फरक पडतो. पण एकदा रात्री पाणी प्यायला उठलो तर ते कुस्तीचा सामना बघत होते आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते, चुकून टाळी वाजू नये म्हणून. त्या माणसाचे माझ्यावर किती उपकार आहेत याची यादी मी कधी करत नाही. ती संपणार नाही.

त्यांचा खरा जीव गाडीत होता. वीस वर्षांची पांढरी छोटी गाडी. दर महिन्याला ते काकूंना घेऊन गारगोटीला जायचे. काकूंची धाकटी बहीण तिथे असते. काकूंना एस.टी.त चक्कर यायची, दुसऱ्या कुणाच्या गाडीतून जायचं तर वेळ त्यांची बघावी लागायची. त्यामुळे महिन्यातला तो एक दिवस दोघांचा. काकू आठवडाभर आधी डबे भरायला घ्यायच्या.

आणि त्या गाडीत काकांचा जीव कशात होता म्हणाल, तर शिवीत.

पहिल्या रविवारी त्यांनी मला गंभीरपणे सांगितलं की गाडीचा शिवी जॉइंट तपासायचा आहे. मला वाटलं काहीतरी अपशब्दाचा प्रकार आहे. मग कळलं, सीव्ही जॉइंट. इंजिनाकडून येणारा दांडा पुढच्या चाकाला जिथे मिळतो तो सांधा. चाक वळलं तरी ताकद न तुटता चाकापर्यंत पोचवायचं काम त्याचं. काकांनी एका हाताची मूठ दुसऱ्या हाताच्या ओंजळीत फिरवून तो मला दाखवला. आत सहा गोळ्या, भोवती ग्रीस, आणि वरून रबरी बूट, पेटीच्या भात्यासारखा घड्या घातलेला. सांधा कधी आपणहून मरत नाही, ते म्हणायचे. आधी बूट फाटतो. ग्रीस उडून जातं, धूळ-पाणी आत शिरतं, गोळ्या कोरड्या घासायला लागतात. मग पूर्ण वळण घेताना गाडी कट कट कट करते. बूट फाटल्याचं लगेच कळलं तर नवा बूट आणि ग्रीस एवढ्यावर भागतं. कटकट सुरू झाली की सांधाच बदलायचा. तेव्हाही ऐकलं नाही तर रस्त्यात कुठेही बसवते.

"म्हणून त्याला शिवी म्हणायचं," ते म्हणाले. "गाडी सरळ असंल तवर गप्प. वळाय लागली की शिव्या देती."

दर रविवारी सकाळी सातला आम्ही गल्लीच्या टोकाच्या मैदानात जायचो. काका स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण वळवायचे आणि गाडी पहिल्या गियरमध्ये गोल फिरवायचे. पाच फेऱ्या डावीकडे, पाच उजवीकडे. फिरवताना ते कपाळ स्टेअरिंगला टेकवून मान खाली घालून बसायचे. तिथून काही कळतं, असं त्यांचं मत होतं. बाहेर मी कमरेत वाकून, कान चाकाकडे करून गाडीसोबत चालायचं. त्यासाठी तर मला खोली मिळाली होती. माझ्याआधी तिथे तबला शिकणारा एक मुलगा राहत होता आणि त्याच्याआधी एक नर्सबाई. दोघांनीही हे केलं होतं.

"गाडी हळू बोलाय लागलीया अलीकडं," काका म्हणायचे. "मला आत बसून कळत न्हाय. तू भाईरनं ऐक."

आणि नियम एकच. चालायचं ते भाईरच्या अंगानं. गाडी डावीकडे वळते तेव्हा भार उजव्या चाकावर येतो, म्हणून उजवा सांधा बोलतो. उजवीकडे वळते तेव्हा डावा. आतल्या बाजूने चालणाऱ्याला इंजिनाची घरघर आणि खडी सोडून काही ऐकू येत नाही. मी मान हलवली. वर्तुळाकार गतीचा धडा मीच मुलांना शिकवत होतो.

तीन वर्षं मी तो नियम पाळला. मग माझी चूक झाली.

मैदानापलीकडे एक नवा क्लास निघाला. रविवारी सातची बॅच. त्यात माझ्याच कॉलेजची मुलं-मुली यायला लागली. गाडीच्या बाहेरच्या अंगाने जायचं म्हणजे नुसतं चालून भागत नाही, मोठं वर्तुळ असतं, पळावं लागतं. वाकून, कान पुढे करून, इस्त्रीच्या शर्टात, गोल गोल. पहिल्या दिवशी दोन मुली थांबून बघत राहिल्या. सोमवारी वर्गात मी पाठ फिरवली की मागून हळूच कुणीतरी गाडीचा आवाज काढायचं. मी नुकताच कुठे 'सर' झालो होतो. घरात आई अजून लोकांच्या शेतात भांगलायला जात होती, आणि ती शेजारणींना सांगायची की आमचा पोरगा कॉलेजात सर आहे. मला ते जपायचं होतं.

मी आतल्या अंगाने चालायला लागलो. आतलं वर्तुळ छोटं. ताठ मानेनं, हात मागे बांधून, जणू गाडीला वाट दाखवतोय असं चालता यायचं. काकांचं कपाळ स्टेअरिंगवर असायचं, त्यांना मी कुठे आहे ते दिसत नव्हतं. फेऱ्या संपल्या की ते काच खाली करून विचारायचे, "येतंय काय?" मी म्हणायचो, न्हाय. ते खोटं नव्हतं. मला खरंच काही ऐकू येत नव्हतं.

दुसरी चूक मी चांगल्या मनानं केली. उपकार फेडायचे म्हणून मी शनिवारी गाडी धुवायला लागलो होतो. त्या पावसाळ्यात पुढच्या उजव्या चाकाच्या आतल्या बाजूला काळं काहीतरी पसरलेलं दिसायचं. मला वाटायचं रस्त्याचं डांबर. रॉकेलच्या चिंधीनं मी ते दर शनिवारी लख्ख पुसून काढायचो. फाटलेल्या बुटातून उडालेलं ग्रीस होतं ते. महिनोन्महिने मी ते पुसत राहिलो, आणि काकू माझं कौतुक करत राहिल्या.

ऐकू आलं होतं ते फक्त काकूंना. बाजारातून येताना, गल्लीत वळताना. त्या काकांना म्हणाल्या, कसली तरी कटकट येतीया. काका म्हणाले, "चाळीस वर्सं ऐकतोय ती." आणि स्वतःच्याच विनोदावर इतके हसले की गल्लीभर तो विनोद सांगत फिरले. काकूंनी पुन्हा तो विषय काढला नाही.

त्याच वर्षी गणपतीत मुलगी आली होती. एका चौकात मागून ट्रकनं हॉर्न वाजवला, काकांना कळलाच नाही, तिनं ते शेजारी बसून पाहिलं. घरी आल्यावर ती शांतपणे म्हणाली की गाडी विकूया. पुण्याहून तिनं कानाचं मशीन आणलं होतं, तेही तिनं टेबलावर ठेवलं. काका म्हणाले, मशीन म्हाताऱ्यांना लागतं. दोन दिवस घरात कुणी धड जेवलं नाही. शेवटी असं ठरलं की गाडी राहील, पण एकदा जरी ती रस्त्यात बंद पडली तर विकायची. काकांनी लगेच कबूल केलं. "रस्त्यात कशी बंद पडंल?" ते मला जिन्यात म्हणाले. "तू हाईस की."

दिवाळीनंतरच्या एका रविवारी आम्ही तिघं गारगोटीला निघालो. मला पुढे गावाकडे जायचं होतं. उसाचा हंगाम सुरू झालेला. बिद्रीच्या अलीकडे चहाला थांबलो. चहा पिऊन काकांनी गाडी रस्त्यावर घ्यायला स्टेअरिंग डावीकडे पूर्ण वळवलं, आणि मला ऐकू आलं. कट कट कट. मी पुढच्या सीटवर होतो, काच उघडी होती. अगदी स्पष्ट. मी काही बोलणार इतक्यात खाडकन आवाज झाला आणि गाडी रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. काका ॲक्सिलरेटर दाबत होते, इंजिन ओरडत होतं, गाडी जागची हलत नव्हती.

मागे उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली. पहिल्या ट्रॅक्टरवाल्यानं उभं राहून हाक मारली, "ओ पावणं, हितंच संसार मांडताय काय? घ्या की बाजूला." काकांना ते ऐकू आलं नाही, त्यामुळे त्यांनी त्याला हात जोडून नमस्कार केला. तो हसला, खाली उतरला, आणखी दोघांना घेऊन त्यानं गाडी ढकलून झाडाखाली लावून दिली.

काका रस्त्याकडेला गुडघे टेकून बसले. मला गियरमध्ये टाकून हळू रेस करायला सांगितली. दांडा फिरत होता, चाक फिरत नव्हतं. हात आत घालून त्यांनी बुटाची चिंधी बाहेर काढली. रबर कडक होऊन उललं होतं. आतलं ग्रीस कधीचंच संपलेलं. त्यांनी रबर बोटांनी चोळून बघितलं, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "तू कुठनं चालत हुतास?"

मी त्यांच्यासमोर बसलो, त्यांना ओठ दिसतील असा, आणि सगळं सांगितलं. मुली, वर्ग, इस्त्रीचा शर्ट, रॉकेलची चिंधी. सांगताना मला रडू आलं. त्या घरानं मला कान विचारून आत घेतलं होतं, आणि मी तेवढंही नीट दिलं नव्हतं.

त्यांनी विचारलं, "तू पोरास्नी काय शिकवतोस?"

"फिजिक्स."

"त्यातलं काय?"

"सध्या वर्तुळाकार गती."

ते हसायला लागले. झाडाला पाठ लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "गोल फिरायचं शिकवतोय," ते काकूंना म्हणाले, "आन् चाललाय आतनं." काकू हसल्या नाहीत. त्या गाडीच्या मागच्या सीटवर डबे मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांना कळलं होतं की गारगोटीची ही शेवटची खेप, आणि तीही निम्मीच.

बहिणीच्या मुलानं जीप आणून गाडी ओढत कोल्हापूरला पोचवली. उद्यमनगरातल्या काकांच्या जुन्या सोबत्यानं अख्खा दांडाच बदलला. वेळेत कळलं असतं तर नुसत्या बुटावर काम झालं असतं, असं तो म्हणाला. परतताना काकांनी गाडी मैदानात नेली नाही, सरळ घरापुढे लावली.

बहिणीनं पुण्याला फोन केला होताच. शनिवारी मुलगी आली. पुढच्या खोलीत ती आणि काका समोरासमोर बसले. काकू आत पोळ्या करत होत्या. मी दारात उभा राहिलो आणि ती काही बोलायच्या आधी सांगितलं की दोष माझा आहे, काकांचा नाही. ठरलं होतं ते गाडीच्या खोडीसाठी, माझ्या खोडीसाठी नाही. पुस्तकी वाक्य होतं, पण मी ते रात्रभर तयार केलं होतं.

तिनं ते नीट ऐकून घेतलं. ती वाईट नव्हती. दमलेली होती. म्हणाली, "सर, तुमची चूक एका रविवारची, नाहीतर दहा रविवारांची. पण गाडी रोज कोण चालवतं? आईला आवाज आला. तुम्हाला पुढच्या सीटवर आला. चालवणाऱ्याला आला नाही. उद्या सांध्याऐवजी ट्रक असला तर?"

ती काकांकडे वळली आणि तिच्या नेहमीच्या हळू आवाजात काहीतरी म्हणाली. काका तिच्या तोंडाकडे बघत होते. अशा वेळी ते आतल्या खोलीकडे बघून म्हणायचे, काय म्हणती गं ही? आणि काकू येऊन सांगायच्या. या वेळी त्यांनी तिकडे बघितलं नाही. खिशातून चावी काढली आणि माझ्या हातात दिली.

"लायसन काढ," ते मला म्हणाले. "काकूला तू न्यायचं गारगोटीला. मी बाजूला बसतो. मी चालवायची न्हाय आता."

मुलीनं मान खाली घातली. ती भांडायच्या तयारीनं आली होती आणि भांडायला काही उरलं नव्हतं. पुन्हा ती काहीतरी बोलली, आणखीच हळू.

काका पुढे झुकले. उजव्या कानामागे हात धरला, जे मी त्यांना कधी करताना पाहिलं नव्हतं.

"मोठ्यानं बोल बाळ," ते म्हणाले. "मला ऐकू येत न्हाय."

आत पोळपाटाचा आवाज थांबला. काकू पिठाच्या हातांनी दारात येऊन उभ्या राहिल्या. मुलीनं खुर्ची उचलून वडिलांच्या अगदी शेजारी ठेवली, त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडून म्हणाली, "मी म्हटलं, जेवलात का?"

"न्हाय अजून," काका तितक्याच मोठ्यानं म्हणाले. "तुझी वाट बघत हुतो."

मग ती दोघं बोलायला लागली. कित्येक वर्षांचं साठलेलं, मधे काकू नाहीत, गोड करून सांगणारं कुणी नाही. तिच्या नोकरीचं, जावयाचं, नातवाला गणित का येत नाही त्याचं. मी जिन्यात येऊन बसलो. खाली भाजीवाला गाडी थांबवून ऐकत होता. समोरच्या घरातली आजी खिडकीत आली होती. त्या दुपारी फोरमनच्या घरातलं सगळं बोलणं सगळ्या गल्लीनं ऐकलं, आणि कुणीही खिडकी लावून घेतली नाही.